गोव्याबाहेर रोबो नेताना: जोडणी, बॅटऱ्या, सामान आणि प्रवास

शाळेच्या लॅबमध्ये सुरळीत धावणारा रोबो स्पर्धेच्या टेबलावर अडतो, तेव्हा मुलं पहिल्यांदा कोड उघडतात. दोष तिथे क्वचितच असतो. मडगावहून ठाण्यापर्यंत रात्रभर हादरे खाऊन एखादी वायर सॉकेटमधून निम्मी बाहेर आलेली असते, स्क्रू सैल झालेला असतो, किंवा घरी मॅट चार्ट पेपरवर जुळवलेला सेन्सर तिथल्या चकचकीत फ्लेक्सवर गोंधळलेला असतो. म्हणून प्रवासाची तयारी करताना हे धरूनच चाला की वाटेत काहीतरी सुटणार, आणि रोबो असा बांधा की पोचल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तो उघडून, तपासून पुन्हा उभा करता येईल. गोवा सरकारच्या केअर्स योजनेमुळे गोव्यातल्या शाळाशाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स पोचलं आहे. त्यामुळे डिचोली-सत्तरीची मुलंही आता राज्याबाहेर स्पर्धेला निघतात. पुढचं सगळं त्यांच्यासाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि सोबत जाणाऱ्या पालकांसाठी आहे.

नियमपुस्तिका आधी छापून घ्या, दोन प्रती. मापांची पानं वेगळ्या रंगाने खुणावा. डब्ल्यूआरओच्या (वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडच्या) रोबोमिशन गटात सुरुवातीला रोबो २५० × २५० × २५० मिलिमीटरमध्ये बसावा लागतो, फर्स्ट टेक चॅलेंज या स्पर्धेत १८ इंचांच्या घनात. पुठ्ठ्याचा आतून अचूक त्याच मापाचा खोका करा आणि रोबो त्यात ठेवून पाहा. मोजपट्टी लावून मोजलेला रोबो बहुतेकदा ‘बसतो’. खोक्यात ठेवला की बाहेर डोकावणारी वायर किंवा केबल टाय दिसतो, आणि माप घेताना तोही धरला जातो.

सुटा होणारा रोबो

रोबोचे तीन भाग पडले पाहिजेत: चाकांसकट खालचा सांगाडा, वरचा हात किंवा पकड, आणि कंट्रोलर-ड्रायव्हर बसवलेली इलेक्ट्रॉनिक्सची पाटी. बॅटरी चौथी, ती कायम वेगळीच प्रवास करते. प्रत्येक जोडाला चारच बोल्ट, आणि सगळे एकाच लांबीचे. एम३ बोल्टमध्ये एक फसगत ठरलेली आहे. उंच डोक्याच्या सॉकेट कॅपला २.५ मिमीची ॲलन की लागते, बुटक्या गोल डोक्याच्या बटन हेडला २ मिमीची. दोन्ही प्रकार एकाच रोबोत मिसळले की घाईत चुकीची की फिरते आणि खाच गुळगुळीत होते. मग तो बोल्ट काढायला पक्कडच हवी. एकच प्रकार निवडा आणि त्याच्या दोन चाव्या जवळ ठेवा.

धातूत जाणाऱ्या बोल्टला निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा, एक थेंब पुरतो. चोवीस तास सुकू द्या. लाल लावू नका, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. आणि ॲक्रिलिक, एबीएस, पॉलिकार्बोनेटजवळ थ्रेडलॉकर नकोच. ताणाखाली असलेल्या प्लास्टिकला त्याने बारीक तडे जातात आणि ते दोन दिवसांनी, म्हणजे नेमके प्रवासात, दिसू लागतात. प्लास्टिकच्या जोडांना नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) वापरा.

आता वायरी. ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी शिकण्यासाठी उत्तम, प्रवासासाठी नाहीत. निघण्याच्या तीन आठवडे आधी सर्किट परफबोर्डवर (भोकं पाडलेल्या पाटीवर) सोल्डर करून घ्या. काही जंपर ठेवावेच लागले तर पिन पूर्ण बसवून मुळाशी हॉट ग्लूचा ठिपका द्या, नखाने निघेल इतकाच. मोटारच्या टर्मिनलवर सोल्डर केलेली वायर जवळून पाहा. सोल्डर जिथे संपतं आणि मऊ वायर सुरू होते, तिथेच ती वाकते. रोबो हलला की प्रत्येक वेळी त्याच एका रेषेवर ताण येतो. तारांचे बारीक धागे एकेक करून तुटतात, शेवटचा एखादा धागा धरून ठेवतो आणि मोटार कधी फिरते, कधी फिरत नाही. त्यासाठी टर्मिनलपासून एक सेंटिमीटरवर वायर केबल टायने मोटारच्या अंगाला बांधा, म्हणजे ताण टायवर येईल, जोडावर नाही. टर्मिनलवर श्रिंक ट्यूबही चढवा.

स्क्रू टर्मिनलमध्ये घालण्याआधी वायरीच्या टोकाला सोल्डर लावायची सवय बऱ्याच जणांना असते. ती मोडा. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू बसतं आणि घट्ट केलेला स्क्रू आपोआप सैल होतो. टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) दाबून घाला. फेरूल नसेल तर धागे पिळून सरळ घाला, पण सोल्डर नको.

प्रत्येक कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना एकच क्रमांक लिहिलेली टेपची चिकटी लावा. सर्वोच्या (ठरावीक कोनात फिरणाऱ्या मोटारीच्या) तीन पिनांचा कनेक्टर उलटा बसू शकतो, त्याच्या ग्राउंडच्या बाजूला पांढऱ्या नेलपॉलिशची खूण करा. रोबोचे चारही बाजूंनी फोटो काढून छापून घ्या. मोबाईलमधला फोटो चालेल असं वाटतं, पण पिटमध्ये, म्हणजे संघांना रोबोवर काम करायला दिलेल्या जागेत, मोबाईलला बंदी असू शकते. मग घड्याळ लावून दोन मुलांना रोबो सुटा करून पुन्हा जोडायला सांगा. वीस मिनिटांच्या वर गेलं तर वायरी जास्त आहेत किंवा जोड चुकीच्या जागी आहे. हा सराव निदान पाच वेळा व्हायला हवा, आणि त्यातला एक तरी कमी उजेडात.

‘हात उचलला की रोबो रीसेट होतो’

ही तक्रार इतक्या वेळा येते की तिचं कारण पाठच असावं. एमजी९९६आर सर्वो अडकला की सहा व्होल्टवर अडीच ॲम्पिअरपर्यंत खेचतो. असे दोन सर्वो आणि कंट्रोलर एकाच एलएम२५९६ बक कन्व्हर्टरवर (बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देणाऱ्या बोर्डावर) असतील, तर त्याची कमाल क्षमता तीन ॲम्पिअरची. सर्वो जोर लावतात, व्होल्टेज कोसळतं, कंट्रोलर पहिल्यापासून सुरू होतो. कंट्रोलरला वेगळा कन्व्हर्टर द्या, सर्वोंना वेगळा, ग्राउंड मात्र एक. सर्वोंच्या पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि मोटारच्या दोन टोकांत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक.

या कन्व्हर्टरवरचा छोटा पितळी स्क्रू हादऱ्यांनी फिरू शकतो. पाच व्होल्टवर ठेवलेला कन्व्हर्टर पोचेपर्यंत साडेपाच-सहावर गेला तर सेन्सर जळू शकतात. मल्टिमीटरने मोजून स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब सोडा, आणि पोचल्यावर बॅटरी जोडल्यावर पहिलं माप इथलंच घ्या, कंट्रोलर जोडण्याआधी.

एल२९८एन हा मोटार ड्रायव्हर अजूनही सगळीकडे चालतो, पण एक ॲम्पिअरला तो जवळजवळ दोन व्होल्ट स्वतःच खातो. लहान मोटारींसाठी टीबी६६१२एफएनजी घ्या. तो सलग १.२ ॲम्पिअर देतो आणि गरम कमी होतो. पण बदल करायचा असेल तर तीन आठवडे आधीच करा. शेवटच्या दहा दिवसांत हार्डवेअर बदलू नये आणि शेवटच्या चार दिवसांत कोडही नाही. चालणाऱ्या कोडची तारीख घालून प्रत काढा. ‘अंतिम’, ‘अंतिम नवा’, ‘खरंच अंतिम’ अशी नावं दिली की पिटमध्ये चुकीची फाईल चढते.

हवा: इथली आणि तिथली

पावसाळ्यात गोव्यातली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते आणि किनाऱ्यालगत तिच्यासोबत मीठही येतं. वास्को, मिरामार, कळंगुट भागातल्या घरी ठेवलेल्या सुट्या जंपरच्या पिना, पितळी स्टँडऑफ यांवर मळकट किंवा हिरवट थर चढतो. कनेक्टर दिसायला नीट बसतो, पण जोड धरत नाही. पिना पेन्सिलच्या खोडरबराने घासून घ्या. इलेक्ट्रॉनिक्सची पाटी आणि सुटे बोर्ड झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणाऱ्या जातीची घ्या. निळी गुलाबी झाली, किंवा केशरी हिरवी झाली, की ओल भरली. दाणे ताटलीत पसरून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास ठेवले की पुन्हा कामाला येतात. तांदूळ त्यांची जागा घेत नाही.

थ्रीडी प्रिंट केलेले भाग बहुधा पीएलए प्लास्टिकचे असतात आणि पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीच्या डिकीत रोबो ठेवून जेवायला गेलात, तर पकडीचे दात वाकलेले मिळतील. जिथे भार येतो तो भाग पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये छापून घ्या.

उलटा त्रास उत्तरेत. इथल्या दमट हवेत स्थिर विजेचा झटका मुलांनी सहसा अनुभवलेलाच नसतो. दिल्लीकडे हिवाळ्यात, हिटर लावलेल्या सभागृहात, अंगात सिंथेटिक जॅकेट असताना बोर्डाला हात लावला की ठिणगी पडू शकते आणि सेन्सर मुकाट्याने जातो. बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीत न्या. हाताळण्याआधी जवळच्या उघड्या, जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावायची सवय घरूनच लावा. थंडीत लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीही लवकर दबते, म्हणून फेरीआधी ती जॅकेटच्या आतल्या खिशात ऊबेला ठेवा, टोकं झाकून.

बॅटऱ्या

तीन सेलची लिपो भरली की १२.६ व्होल्ट, नाममात्र ११.१. प्रत्येक सेल ३.५ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, खरी धोक्याची रेषा त्याहून थोडी खाली आहे. चार्जिंग नेहमी बॅलन्स पद्धतीने (सगळे सेल सारखे भरतील असं) आणि एक ‘सी’ने, म्हणजे २२०० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी २.२ ॲम्पिअरवर. प्रवासात बॅटरी पूर्ण भरलेली नको आणि रिकामीही नको: प्रत्येक सेल ३.८ व्होल्ट, तीन सेलना ११.४. चार्जरवर यासाठी ‘स्टोरेज’ पर्याय असतो. फुगलेली बॅटरी कितीही चालत असली तरी घरीच ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.

१८६५० हे गोल लिथियम सेल वापरत असाल तर वरच्या छापील आकड्यावर जाऊ नका. या आकाराच्या खऱ्या सेलची क्षमता साधारण ३५०० मिलिॲम्पिअर-तासांच्या पुढे जात नाही. ‘९८००’ लिहिलेला सेल खोटाच समजा.

विमानाने जायचं तर वॉट-तास काढता आले पाहिजेत: व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-तास. ११.१ × २.२ म्हणजे २४.४ वॉट-तास. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही, ती हातातल्या बॅगेतच. शंभर वॉट-तासांपर्यंत साधारणपणे अडचण येत नाही, शंभर ते एकशे साठपर्यंत विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते. बॅटरीवर वॉट-तास छापलेले नसतील तर हिशेब लिहिलेली चिकटी लावा. प्रत्येक बॅटरीचं टोक टेपने झाका आणि बॅटरी वेगळ्या अग्निरोधक पिशवीत घाला. रोबोत बसवलेली बॅटरीही काढाच. चेक-इन सामानात स्विच चुकून दाबला गेला तर मोटार फिरत राहील. बारा व्होल्ट अठरा ॲम्पिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी २१६ वॉट-तासांची होते, ती प्रवासी सामानात नेता येत नाही. ती स्पर्धेच्या गावी मिळण्याची सोय आधीच करा.

गाडी की विमान

मुंबईला रेल्वेच बरी. पवईला, आयआयटी मुंबईत, जायचं असेल तर दादर किंवा सीएसएमटीपर्यंत जाऊ नका. कोकणकन्या आणि मांडवी दोन्ही ठाण्याला थांबतात, तिथे उतरा. दिल्लीला गोवा एक्स्प्रेसने दोन रात्री लागतात. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे उत्तरेकडच्या गाड्यांना तासन्‌तास उशीर होतो, म्हणून नोंदणीच्या आदल्या दिवशी पोचायचं ठेवा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी काढा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चालतं, गाड्या हळू धावतात आणि सुटण्याच्या वेळा बदलतात. जुन्या तिकिटाच्या भरवशावर स्टेशन गाठू नका. चवथीच्या आसपास स्पर्धा असेल तर परतीचं तिकीट आधी पाहा, मुंबईहून गोव्याकडे येणाऱ्या गाड्या तेव्हाच भरतात.

एसी थ्री टियरमध्ये माणशी ४० किलो सामान मोफत आहे, पण पेटीचं माप ५५ × ४५ × २२.५ सेंटिमीटरपर्यंतच. स्लीपरमध्ये १०० × ६० × २५ चालतं. मोठा रोबो असेल तर हाच फरक निर्णायक ठरतो. पेटी खालच्या बर्थखाली जाते, म्हणून संघासाठी निदान दोन लोअर बर्थ घ्या. तळाला पाच सेंटिमीटर पांढरा ईपीई फोम, बाजूंना तोच कापून. बाजारातून सहज मिळणारा मासळीचा थर्माकोलचा खोका वापरायचा मोह होतो, तो टाळा. त्यात मिठाची ओल मुरलेली असते आणि त्याचे दाणे गिअरमध्ये अडकतात. चाकं हवेत राहतील असा सांगाड्याखाली ठोकळा द्या, नाहीतर रबरी टायर एका बाजूने चपटे होतात.

स्प्रे पेंट, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, गॅसवरचं सोल्डरिंग आयर्न हे ज्वलनशील सामान आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. टायर पुसायला अल्कोहोल लागतंच, ते उतरल्यावर औषधाच्या दुकानातून घ्या. डब्यातल्या चार्जिंग पॉइंटवर लिपो लावू नका.

विमानाचं तिकीट काढताना कोड वाचा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. काणकोणच्या मुलांना मोपा गाठायला दोन तासांहून जास्त लागतात. अवजारं चेक-इनमध्ये. वायरी दिसणारा बोर्ड हातातल्या बॅगेत असेल तर तो वरच ठेवा आणि शाळेच्या लेटरहेडवर रोबोचा फोटो व स्पर्धेचं नाव असलेलं पत्र सोबत ठेवा. सुरक्षा तपासणीत विचारपूस झाली की ते पुढे करायचं.

सुट्या भागांची पेटी

गोव्यात सुटे भाग मिळायची दुकानं मोजकीच आहेत आणि कुरिअरला दिवस लागतात, म्हणून मागणी महिनाभर आधी नोंदवा. वाटेत मुंबई असेल तर लॅमिंग्टन रोड आहे, पुण्यात बुधवार पेठ, पण रविवारी बहुतेक दुकानं बंद. पेटीत हे हवंच:

- वापरातल्या प्रत्येक दोन मोटारींमागे एक जादा मोटार, वायर आणि कनेक्टर आधीच सोल्डर केलेली
- मोटार ड्रायव्हर २, बक कन्व्हर्टर २ (व्होल्टेज लावून, सील करून)
- अंतिम कोड चढवलेला दुसरा कंट्रोलर
- सर्वो २, त्यांचे हॉर्न आणि हॉर्नचे बारीक स्क्रू वेगळ्या डबीत
- लाइन सेन्सरचा पूर्ण संच
- एम३ बोल्ट तुमच्या लांबीचे ३०, नायलॉक नट ३०, केबल टाय ५०
- मल्टिमीटर आणि त्याची जादा बॅटरी, सोल्डरिंग आयर्न, सहा सॉकेटचा एक्स्टेंशन बोर्ड
- यूएसबी केबल ३

केबल डेटा नेणाऱ्याच हव्यात. मोबाईलसोबत मिळणाऱ्या काही केबल फक्त चार्ज करतात, आणि ‘पोर्ट दिसत नाही’ म्हणून अर्धा तास वाया जातो. प्रत्येक केबलवर कोड चढवून पाहा, मगच तिच्यावर हिरवी टेप लावा. लॅपटॉप दोन न्या आणि दोन्हींवर आर्डुइनो आयडीई, ईएसपी३२ कंट्रोलरचं बोर्ड पॅकेज आणि बोर्डाच्या यूएसबी जोडणीसाठी सीएच३४० ड्रायव्हर घरीच बसवा. हे पॅकेज मोठं असतं, सभागृहातल्या इंटरनेटवर ते उतरेल या आशेवर राहू नका. घरी वायफाय बंद करून कोड कंपाइल होतो का, ते पाहा. ब्लूटूथ वापरत असाल तर एचसी-०५ या ब्लूटूथ मॉड्यूलचं नाव आणि पासवर्डाचा पिन बदला. शंभर संघांत ‘१२३४’ पिनवाले वीस तरी निघतात.

सरावाचा ट्रॅक आणि स्पर्धेची सकाळ

ट्रॅकची फाईल मिळाली की म्हापसा-मडगावातल्या बॅनरवाल्याकडून शंभर टक्के मापावर फ्लेक्स छापून घ्या आणि आल्यावर रेषेची रुंदी मोजा, कारण छापताना माप ‘बसवलं’ जातं. फ्लेक्स गुंडाळून ठेवा. घडी घातली तर उंचवट्यावर चाक उडतं आणि सेन्सर जमिनीपासून दूर जातो. टीसीआरटी५००० हा रेषा ओळखणारा इन्फ्रारेड सेन्सर सर्वात चांगलं काम अडीच मिलिमीटरवर करतो. रोबो कुठेही गेला तरी हे अंतर टिकलं पाहिजे, म्हणून सेन्सरची पट्टी लांब भोकांवर बसवा, वर-खाली करता येईल अशी. सभोवती काळ्या फोमची झालर लावा. खिडकीतून येणाऱ्या उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, ट्यूबलाइटमध्ये जवळजवळ नसतं. सराव दोन्हींत करा. कॅलिब्रेशन बटण दाबून होणारं असावं, कोडमध्ये आकडे लिहून नव्हे.

सभागृहात पोचल्यावर क्रम ठरलेला असावा. आधी फक्त मल्टिमीटर: बॅटरी, मग कन्व्हर्टरचे व्होल्ट. मग प्रत्येक कनेक्टर हळूच ओढून पाहणं, एक मुलगा क्रमांक वाचेल, दुसरा ओढेल. मग चाकं हवेत ठेवून मोटारी. नंतरच टेबल. सरावाच्या पहिल्या संधीला वेगाच्या मागे न लागता कॅलिब्रेशन करून एकदा हळू पूर्ण फेरी घ्या. रोबोमिशनसारख्या गटांत त्याच दिवशी सकाळी आयत्या वेळचा नियम जाहीर होतो, त्यासाठी कोड छोट्या-छोट्या फंक्शनमध्ये तोडलेला हवा. एक पालक फक्त पाणी-जेवण आणि ओळखपत्रं सांभाळेल, त्याला दुसरं काम देऊ नका.

शेवटची फेरी झाली की सामान भरण्याआधी बॅटऱ्या चार्जरवर लावून पुन्हा ३.८ व्होल्टवर आणा. दोन तास लागू शकतात, म्हणून बक्षीस समारंभ सुरू होण्याआधीच सुरू करा, चार्जरपाशी कोणीतरी बसून राहील अशी पाळी लावून. घरी पोचल्यावर रोबो पेटीत कोंडून ठेवू नका. त्याच दिवशी उघडा, पुसा, आणि काय सुटलं, काय तुटलं ते पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहा.